माझ्या टाळूचा फोटो

वर्षा,

तू गेल्यापासून या घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. तुझा नवरा, समीर, सकाळी चहाचा कप ठेवतो तोही आवाज होऊ नये अशा बेताने. भेटायला येणारे माझा हात हातात घेतात, "नानाजी, हिम्मत रखिए" म्हणतात आणि जमिनीकडे बघतात. म्हातारा सासरा मागे राहिला आणि कर्तीसवरती सून पुढे गेली, हे कुणालाच पटत नाही, म्हणून ते कुजबुजतात. तुला कुजबुज कधी जमली नाही, मलाही नाही. इंदुरात बडा गणपतीच्या आपल्या गल्लीत आपलं भांडण सुरू झालं की समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. तेव्हा हे मी तुला त्याच आवाजात लिहितोय. डोळ्यांना पाणी येतंय ते येऊ दे, आवाज खाली येणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सेक्रेटरींनी तुझी माहिती वाचून दाखवली. शिक्षण, तुकोगंजातला दातांचा दवाखाना, मिळालेले सत्कार, आणि शेवटी "मनमिळाऊ स्वभाव". मनमिळाऊ! मी समीरकडे बघितलं, समीरने माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या पंगतीत समोरचा अनोळखी माणूस हसला की त्याच्या जिभेकडे निरखून बघणारी, आणि जिलबी वाढणाऱ्याचा हात थांबवून "भिया, शुगर कब चेक कराई थी?" असं विचारणारी बाई मनमिळाऊ कशी असेल? अर्धे नातेवाईक तुझ्यासमोर तोंड मिटून हसायचे. बाकीच्या जगासाठी तोंड म्हणजे बोलायची आणि खायची जागा. तुझ्यासाठी ती घराची खिडकी होती, आणि आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय तुला राहवायचं नाही.

ही खोड तुला उगीच लागली नव्हती. कोरोनाची ती वाईट लाट ओसरत होती तेव्हा एक तरुण माणूस तुझ्याकडे आला. वरचे दात हलतायत, काढून टाका, म्हणाला. नुकताच आजारातून उठला होता, स्टेरॉइड घेऊन झाले होते, शुगर वर गेलेली. तू दाताला हात लावला नाहीस. टाळूवरचा काळपट डाग बघितलास, दवाखान्याला कुलूप घातलंस आणि स्वतःच्या गाडीत बसवून त्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलीस. काळी बुरशी टाळूवरून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाते, हे त्या दिवसांत सगळं शहर भीत भीत शिकत होतं. त्याचा वरचा अर्धा जबडा काढावा लागला, पण माणूस वाचला. हे सगळं तू जेवताना सांगायला बसलीस आणि मी "जेवताना नको" म्हणून खेकसलो. पण त्या दिवशी अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. तुला मी तसं म्हणालो नाही. आता म्हणतो.

आणि अशी सून घरात असताना माझ्याच तोंडात बुरशी वाढत होती, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण ते आपल्या घरच्या पद्धतीमुळे झालं, आणि आपल्यासारख्याच घरांत होऊ शकतं.

माझे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. ते, आणि त्यांच्यामागून माझे वडील, सुनांसमोर कधी बोडक्या डोक्याने आले नाहीत. सूनबाई चहा घेऊन येतेय असं कळलं की वडील आधी खुंटीवरच्या टोपीकडे हात न्यायचे. मी इंजिनियर झालो, सिंचन खात्यात धरणं आणि कालवे बघत नोकरी केली. टोपी माझ्या पिढीने सोडली. पण सुनेसमोर नीटनेटकं यायचं ही गोष्ट अंगात मुरलेली होती, आणि माझे दात गेले तेव्हा ती डोक्यावरून तोंडात उतरली. बोळकं तोंड घेऊन मी तुझ्यासमोर येणार नव्हतो. कवळीसुद्धा तुझ्याकडून करून घेतली नाही, राजवाड्याजवळच्या एका डॉक्टरकडून गुपचूप करून आणली. तुला ते दिसलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "फिटिंग ठीक आहे नाना. मी यापेक्षा चांगली केली असती."

तुझी सासू होती तोवर मी झोपताना कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवायचो. ती गेली, आणि माझा सकाळचा चहा तू खोलीत आणायला लागलीस. तू आत येशील आणि मी बोळका उठून बसलेला असेन, या विचाराने मी कवळी घालूनच झोपायला लागलो. धुवायची तीही न्हाणीघराला आतून कडी लावून, घाईघाईत, चोरासारखी. तू सासऱ्याची काळजी घ्यायला चहा आणत होतीस आणि मी सुनेचा मान राखायला दात घालून झोपत होतो. दोघांचंही वागणं अगदी रीतसर होतं.

त्यात गुडघ्यांची भर. हातोदच्या बाजाराकडे एक माणूस जडीबुटीच्या पुड्या देतो असं फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं. तुझं माहेर हातोदचं, म्हणून तर तुला अजिबात कळू दिलं नाही. पुडीने जादू केली. गुडघे दुखायचे थांबले, भूक लागायला लागली, चेहरा गोल झाला. मित्र म्हणायचे, "क्या बात है नानाजी, चेहरे पे रौनक आ गई!" मीही आरशात बघून खूश होतो. घरात तू एकटीच होतीस जी माझा गोल चेहरा बघून कपाळाला आठ्या घालायचीस.

मग तोंड जळायला लागलं. आधी लोणचं सुटलं, मग पोह्यांवरची शेव, मग वरणातली मिरची. नानांचं तोंड आलंय, पोट साफ नसेल, असं घरात ठरलं. कुणी मध लावा म्हणालं, कुणी तूप. मी स्वयंपाकाच्या बाईंवर चिडायचो, त्या तुझ्याकडे तक्रार करायच्या. समीरला वाटलं मी रुसलोय. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाने ताट सरकवलं की आधी कुणाचं काय चुकलं हेच शोधतात. ताट का सरकवलं ते कुणी विचारत नाही.

एका रविवारी तू स्वतः माझ्यासाठी दहीभात कालवलास. मिरची नाही, फोडणी नाही, मीठसुद्धा बेताचं. मी घास घेतला आणि ताट सरकवलं.

"तिखट आहे."

समीर हसला. "मतलब आता दही पण तिखट? नाना, हद झाली."

तू हसली नाहीस. माझ्या ओठांच्या कोपऱ्यांकडे बघत राहिलीस. तिथे दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या.

"समीर, ते बहाने नाही करत आहेत," तू म्हणालीस. "नाना, तोंड दाखवा."

"नाही."

"मी रोज लोकांची तोंडं बघते नाना."

"लोकांची बघ. घरात तू सून आहेस."

"ठीक आहे, माझ्याकडे नका येऊ. माझ्या मैत्रिणीकडे चला, मी बाहेर थांबते."

"मला काही झालेलं नाही."

समोरच्या शिंप्याची मशीन थांबली होती. तुलाही ते ऐकू आलं असणार, पण तुझा आवाज खाली आला नाही. "बरं, मला एक सांगा. कॅनालच्या भिंतीवर ओल दिसली की तुम्ही काय करायचे? चुना मारून घरी यायचे?"

"पाणी कुठून येतंय ते शोधायचो."

"मग मला पण तेच शोधायचंय. तोंडातलं तर फक्त ओलीचा डाग आहे. पाणी दुसरीकडूनच कुठून तरी येऊन राहिलंय, आणि ते मला कळत नाहीये म्हणून मी परेशान आहे."

माझ्याच धंद्यातलं उदाहरण देऊन तू मला गप्प केलंस, याचा मला फार राग आला. तरी मी तोंड उघडलं नाही. पण थोड्याच दिवसांत पाणीसुद्धा छातीत अडकायला लागलं. घोट घेतला की आतून ओरखडा काढल्यासारखं व्हायचं. मग मात्र मी घाबरलो, वर्षा. आपल्याला मोठं काहीतरी झालंय आणि आपण पाण्यावाचून जाणार, असं वाटायला लागलं. सांगायला जीभ रेटेना. तुला ते कसं कळलं कोण जाणे. सकाळी निघताना तू माझ्याकडे न बघता, दारात चपला घालता घालता म्हणालीस, "दुपारी दवाखान्यात गर्दी कमी असते."

मी रिक्षाने तुकोगंजला आलो. बाहेरची मुलगी मला बघून "अरे, नानाजी!" म्हणत उठली. आतून तुझा आवाज आला, "नेक्स्ट पेशंट को भेजो." मी आत शिरलो. तू मास्क लावलेला, हातमोजे घातलेले, बाजूला तुझी मदतनीस डॉक्टर शिफा. तू खुर्चीकडे हात केलास.

"आइए अंकलजी, बैठिए. क्या तकलीफ है?"

लग्न होऊन आल्यापासून तू माझ्याशी कधी हिंदीत बोलली नव्हतीस. इंदूरचं आपलं मराठी अर्धं हिंदीच असतं, ही गोष्ट वेगळी. पण सासऱ्याशी सरळ हिंदी, आणि तेही अंकलजी! मला वाटलं तू थट्टा करतेस. मग तुझे मास्कवरचे डोळे बघितले आणि कळलं की थट्टा नाही. माझी सून घरी राहिली होती. इथे एक डॉक्टरीणबाई होत्या, आणि मी कुणाचा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर साहब," मी म्हणालो, "मुँह में जलन है. निगलने में दर्द होता है."

"बत्तीसी निकालिए."

मी काढली. तू नजर वळवली नाहीस आणि दयेनेही बघितलं नाहीस. दिवा जवळ ओढलास. माझी जीभ आणि गालांची आतली बाजू फुटलेल्या दह्यासारख्या पांढऱ्या थराने भरली होती. तू जाळीच्या कापडाचा तुकडा घेऊन तो हलक्या हाताने पुसलास. थर निघून आला आणि खाली लालभडक, थोडं रक्ताळलेलं दिसलं. मग तू माझ्या हातात आरसा दिलास आणि टाळू दाखवलीस. कवळी जेवढी, बरोबर तेवढाच भाग लाल, पेन्सिलीने आखून दिल्यासारखा. शिफाने रेकॉर्डसाठी त्याचा फोटो काढला.

"अंकलजी, ये रात को निकालते हैं?"

"नहीं."

"क्यों?"

"घर में बहू है."

तू हातातलं बाजूला ठेवलंस. शिफा पाठ करून उगीच काहीतरी आवरायला लागली. मग तू म्हणालीस, "बहू को बुरा नहीं लगेगा."

आणि लगेच पुढचा प्रश्न, "और कौन सी दवा लेते हैं? सच बताइए." मराठीत विचारलं असतंस तर मी कानावर हात ठेवले असते. हिंदीत पुडीचं सगळं सांगून टाकलं, हातोदसकट. मास्कच्या आत तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

त्या दिवशी तू समजावलंस ते मला अजून तोंडपाठ आहे. ही पांढरी बुरशी, ती काळी नव्हे, बहुतेकांच्या तोंडात थोडीफार असतेच. अंगात ताकद असते तोवर ती कोपऱ्यात गप्प बसते. ताकद घटली की हातपाय पसरते. कॅन्सरची औषधं चालू असलेल्या माणसाला, एचआयव्हीच्या रोग्याला, शुगर वाढलेल्याला, स्टेरॉइड घेणाऱ्याला, दम्याचा पंप मारून चूळ न भरणाऱ्याला ती अशीच दिसते. म्हणून नुसता पांढरा थर पुसायचा नसतो, तो का आला ते विचारायचं असतं. माझ्या पुडीत स्टेरॉइड होतं, चेहऱ्यावरची रौनक त्याचीच. शुगर मला कधी नव्हती, ती आता चांगलीच वर गेली होती. बुरशी घशातून खाली अन्ननलिकेत उतरली होती. मी पुडी तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालो तर तू हात धरलास. इतके दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेततं, म्हणालीस. मोठ्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेलीस, त्यांनी ते हळूहळू उतरवलं. बुरशीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, कवळी रोज रात्री बाहेर. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, नाहीतर नानांचं अवघड होतं. ते मला म्हणाले, पण बघत होते तुझ्याकडे. मी ताठ बसलो होतो, जसं काही सगळं मीच केलंय.

घरी तू या विषयावर चकार शब्द काढला नाहीस. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझा चहा खोलीत येईनासा झाला. बाहेर स्टुलावर कप ठेवून "नाना, चहा!" अशी हाक मारायचीस आणि निघून जायचीस. मी दात घालून, केस विंचरून दार उघडायचो. तपासायला मात्र दवाखान्यातच, आणि हिंदीतच. टाळू फिकट झाली, चिरा भरल्या, मी शेव खायला लागलो. त्यानंतरच्या एका खेपेला मी म्हणालो, "डॉक्टर साहब, आपके ससुराल वाले किस्मत वाले हैं." तू माझ्या तोंडात आरसा धरून, मान वर न करता म्हणालीस, "ससुरजी थोड़े जिद्दी हैं." शिफा खोलीबाहेर पळाली. तुझं कौतुक मी तुझ्या तोंडावर केलं ते तेवढंच, आणि तेही परक्या माणसाच्या नावाने.

आपलं खरं भांडण पुढे झालं, आणि ते मराठीत झालं. मंडळाने तुला ज्येष्ठांच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं होतं. तू माझ्यासमोर येऊन बसलीस.

"नाना, तुमच्या टाळूचा फोटो दाखवू? नाव नाही सांगणार."

"मुळीच नाही. मंडळात मला कोण ओळखत नाही?"

"टाळू कोण ओळखतं नाना!"

"मी ओळखतो."

तू हसलीस, पण सोडलं नाहीस. "आपल्या लोकांत किती घरांत हे असेल, विचार करा. सासू सुनेसमोर काढत नाही, सासरा काढत नाही. जळतंय तर म्हणतात जेवण तिखट आहे. मी पुस्तकातला फोटो दाखवला तर त्यांना वाटेल, हे दुसऱ्या कुणाचं आहे, मोठ्या बिमारीवाल्यांचं. आपलं नाही. आपल्यातल्या कुणीतरी म्हणायला पाहिजे की हे माझं आहे."

"मग म्हणेल कुणीतरी. मी नाही."

"जबरदस्ती नाहीये," असं म्हणालीस आणि दार आपटून गेलीस. आपटलेल्या दाराला जबरदस्ती नाही म्हणणारी तूच.

कार्यक्रमात तू पुस्तकातले फोटो दाखवलेस. लोकांनी नीट ऐकलं, उपमा खाल्ला आणि तुला टूथपेस्ट कोणती चांगली ते विचारलं. वर्षा, तो फोटो तुझ्याच दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर होता. तू दाखवला असतास तर तिथे कुणालाही कळलं नसतं, आणि मी तरी काय उठून सांगणार होतो, ही टाळू माझी आहे म्हणून? पण मी नाही म्हणालो होतो, म्हणून तू दाखवला नाहीस. तुझं म्हणणं खरं असूनही नाही दाखवलास. त्या रात्री मी तुझ्यावर रागावलेला होतो आणि मला तुझा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटतं, हे मला या वयात कळलं.

नाही म्हणालो ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. माणसाचं तोंड त्याचं स्वतःचं असतं. तुझंही चुकलं नव्हतं. म्हणून ते भांडण तसंच अर्धवट राहिलं. अधूनमधून तू "नाना, फोटो?" विचारायचीस, मी "नाही" म्हणायचो, आणि मग आपण दुसऱ्या कुठल्यातरी विषयावर भांडायला लागायचो. हे असंच बरीच वर्षं चालेल, असं मी धरून चाललो होतो. भांडायला मी पुरणार नाही अशी मला काळजी होती, तुझी नव्हती.

त्या सकाळी तू स्टुलावर चहा ठेवलास, हाक मारलीस, डोकं ठणकतंय म्हणालीस आणि गोळी घेऊन निघालीस. दुपारी तुझ्या मोबाइलवरून फोन आला. बोलत होती शिफा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांच्या तोंडात बघून त्यांच्या शरीराचं सांगणारी तू, आणि तुझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगणारी एकही खूण कुठे दिसली नाही. याचा मला जो राग आहे तो कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी तुझ्या दवाखान्यात गेलो. तुझ्या खुर्चीशेजारी शिफा उभी होती, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "बेटा, मेरी वो फोटो दे दे, कल सभा में दिखानी है."

ती तशीच रडत रडत म्हणाली, "नानाजी, मैम का रूल है. पेशंट के साइन के बिना फोटो बाहर नहीं जाती."

"अरे, पेशंट मैं ही हूँ."

"तब भी."

मी सही केली. तुझ्या हाताखाली तयार झालेली पोर आहे, दुसरं काय करणार. जिना उतरताना मला रडू आलं, आणि ते दुःखाचंच होतं असं मला वाटत नाही.

सभेत सेक्रेटरींनी मनमिळाऊ स्वभावावर समारोप केला आणि मला दोन शब्द बोलायला बोलावलं. समीरला वाटलं मी कोसळेन, तो मागोमाग येत होता. त्याला मी बसायला सांगितलं. हिंदीत बोलायचा मोह झाला, मला ते सोपं गेलं असतं. पण तू हे मागितलं होतंस ते घरी बसून, मराठीत. शिफाने पडद्यावर फोटो लावला. एवढी मोठी लाल टाळू बघून लोक चुळबुळले.

"ही माझी टाळू आहे," मी म्हणालो. "वर्षाने हा फोटो तुम्हाला दाखवायची परवानगी मागितली होती. मी दिली नव्हती. आता ती मागायला नाही, तेव्हा मी माझ्या मर्जीने देतोय. फोटोवर विश्वास नसेल तर मूळ माल इथे आहे."

आणि मी कवळी काढून हातात घेतली. सगळ्या मंडळासमोर, सगळ्यांच्या सुनांसमोर. गाल आत गेले, नाक हनुवटीला भेटायला निघालं, शब्दांतून वारा जायला लागला. तरी बोललो. म्हणालो, झोपताना ही काढून ठेवा, कुणी बघेल म्हणून घालून झोपू नका. तोंडात पांढरा थर येत असेल, पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, साधा दहीभात तिखट लागत असेल, गिळताना दुखत असेल, तर सुनेच्या हाताला दोष देऊ नका. डॉक्टरकडे जा, आणि नुसतं औषध मागू नका, हे मला का झालं ते विचारा. मी विचारलं नव्हतं. माझ्या सुनेने विचारलं, म्हणून मी इथे उभा आहे. मागे काही तरुण पोरं हसली असतील, मला ऐकू कमी येतं.

मी खाली उतरलो. पहिल्या रांगेत कुसुमताई बसल्या होत्या. माझ्याहून मोठ्या. त्यांच्या सुनेला स्वयंपाकातलं काही कळत नाही, सगळं जहाल तिखट करते, हे त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असं मंडळात कुणी नसेल. सूनही शेजारीच बसली होती, मान खाली घालून. कुसुमताई पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी रुमाल तोंडाशी नेला, कवळी काढून रुमालात घेतली आणि सुनेकडे वळल्या.

"बघ गं, माझं पण असंच आहे का?"

सून गडबडली. "आई... कधीपासून जळतंय?"

"दिवाळीपासून. तुला कसं दाखवणार होते मी?"

सुनेने मोबाइलचा टॉर्च लावला, सासूची हनुवटी धरली आणि भर सभेत म्हणाली, "आ करा."

तुझी शोकसभा तिथेच संपली, वर्षा. पुढे जे चाललं तो तुझा दवाखाना होता. शिफा गाडीतून हातमोज्यांचा डबा आणायला धावली होती, आणि म्हातारी माणसं आपापल्या खुर्च्या ओढत रांग लावत होती.